पायलेलं सांग, आयकलेलं सांग

चिंधूकाका,

तुझे दिवस उरकले. पाहुणे गेले, माणसं आपापल्या कामाला लागली. तुझ्या झोपडीचं दार बाने तारेने बांधून ठेवलंय. आत न्यायला काही नाही, तरी बांधलंय.

आज रविवार आणि मी पाड्यावर आहे. तू होतास तेव्हा लागोपाठ तीन रविवार मी आले नाही. बाच्या फोनवर सांगितलं, काम आहे. काम नव्हतं. मी बदलापुरात बेलवलीला भाड्याच्या खोलीत झोपून पंख्याकडे बघत होते. हे तुला कळलं असणार. माणूस खोटं बोलायला लागला की आधी त्याचा आवाज बारीक होतो, असं तूच म्हणायचास, आणि बा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो.

तू कसा गेलास, हे विचारायला येणाऱ्यांना मी सांगते: छाती भरली होती, दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. पण मला दुसरंच लिहायचंय. ते तू कुणाला सांगितलं नाहीस आणि मी आज सकाळपर्यंत सांगितलं नव्हतं.

आपल्या ठाकरांच्या पाड्यात भांडण झालं, बांधाचं, मोहाच्या झाडाचं, कुणाच्या रेड्याने कुणाचं रोप खाल्ल्याचं, तर ते देवीच्या दगडापुढे तुझ्यासमोर यायचं. बोलणाऱ्याने आधी एक गोष्ट सांगायची. पायलेलं सांगतो, की आयकलेलं सांगतो. ते सांगितल्याशिवाय तू पुढचं ऐकून घ्यायचा नाहीस. एकदा माझा बा, तुझा सख्खा चुलतभाऊ, साक्ष द्यायला उभा राहिला. रेड्याने रोप खाल्लं म्हणाला.

"पायलेलं का आयकलेलं?"

"अरं, सगला पाडा बोलतोय!"

"पाडा बोलतो म्हंजे आयकलेलं. बस खाली."

बा महिनाभर तुझ्याशी बोलला नाही. तुझ्या अंगणातून जाताना मुद्दाम तोंड फिरवून खाकरायचा, आणि तू आतून म्हणायचास, "हां, हे खाकारलेलं मी सोता आयकलं."

मी ह्या पाड्यातली पहिली बारावी पास, पहिली बीए आणि पहिली वकील. मला त्याचा गर्व आहे. लोकांना आवडो न आवडो, आहे. बा जांभूळच्या पाण्याच्या प्लांटवर कंत्राटी कामाला होता, आई वीटभट्टीवर. मी उल्हासनगरला कॉलेजात गेले तेव्हा माझ्याकडे दोन ड्रेस होते आणि बोलताना माझ्या तोंडातून "मना", "नाय" निघालं की मागच्या बाकावर हसायचे. ते शब्द मी एकेक करून काढून टाकले, शेतातून दगड वेचावेत तसे. तीन वर्षांनी माझं मराठी इतकं साफ झालं की घरी आल्यावर आई म्हणाली, "बातम्यांतल्या बाईसारखी बोलतंय पोरगी."

पुढे कायद्याला गेले. तू विचारलंस, कायदा शिकतेस म्हंजे नेमकं काय शिकतेस? मी म्हटलं, उदाहरणार्थ, साक्षीदाराने स्वतः पाहिलेलंच सांगायचं असतं, ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही. तू मांडीवर थाप मारलीस. "आनी ह्याला तीन वर्सं? मना इचारायचंस. एका दिवसात सुटली असतीस."

पुराव्याच्या कायद्यात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले, काका. तुला पेढा दिला होता. हे मी पुढच्या गोष्टीसाठीच लिहून ठेवते आहे.

आपल्या पाड्याचा प्रश्न हद्दीचा. कुळकायदा, सात-बारा, कर्ज, त्यातलं काहीच आपल्याला लागू नाही. आपण ज्या उतारावर नाचणी-वरी लावतो, ते आपलं वरकस, सरकारी कागदात जंगल आहे. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, लाइटसाठी तुझ्याबरोबर मी कितीदा फिरले. अंबरनाथला तहसीलला गेलो तर म्हणाले तुम्ही जंगलात येता. जंगलवाले म्हणाले वस्ती आमच्याकडे नाही. तिसरीकडे सांगितलं, आमची हद्द खालच्या नाल्यापर्यंतच. तू पायरीवर बसून बिडी पेटवलीस आणि म्हणालास, "तीन हद्दी जाल्या. तिन्हींच्या भाईर आपन. मग पाडा हाय कुठं? हवेत?"

शेजारची हिरूआजी शहापूरकडची. तिच्या माहेरच्या तालुक्यात आदिवासींचा खास कायदा लागू आहे, तिथे गावाच्या सभेला विचारल्याशिवाय जमिनीचं, जंगलाचं काही करता येत नाही. आपला तालुका त्या यादीत नाही. माणसं तीच, देव तेच, लग्नातली गाणी तीच. तू तिला चिडवायचास, "हिरू, माहेरी तू राणी. लगीन करून हितं आलीस आनी शिक्का पुसला बघ." ती म्हणायची, "तुज्या पाड्यात आले तवाच कपाल फुटलं."

म्हणून वनहक्काचा कायदा वाचला तेव्हा मी पळत आले होते. हा कायदा आपल्यालाही लागू होता. मी तुला अंगणात बसवून सांगितलं, ह्यात कोण किती कसतो हे आधी पाड्याची सभा ठरवते. सरकार नंतर. पहिला शब्द आपला.

"पयला आमचा. आनी शेवटचा?"

"जिल्ह्याच्या समितीचा."

तू हसलास. वाईट नाही हसलास, पण हसलास.

अकरा घरांचे दावे तयार करायचे ठरले. बारावा दावा तुझा. तू नाही म्हणालास. किती भांडलो आपण त्यावरून! तू म्हणालास, दावं गुरांच्या गळ्यात असतं, माझ्या गळ्यात कशाला बांधतेस? मी म्हटलं, दावं नाही, दावा. तू म्हणालास, एकच. "परक्याच्या वस्तूवर दावा करतात गो. मी माज्या वरकसावर दावा केला, म्हंजे ते परक्याचं हाय असं मीच लिवून दिलं." मी म्हटलं, काका, कागद नसेल तर उद्या कोणीही येऊन हाकलेल. तू म्हणालास, कागद व्हता तेंना बी हाकललंय, धरनात गेली ती गावं इचार. मी ओरडले, तू आडमुठा आहेस. तू म्हणालास, आनी तू वकीलबाय.

मी अजून म्हणते, तू चुकलास. तुझ्या वरकसावर आता कोणीतरी ओळीने खड्डे खणून गेलंय, रोपं लावायला. ते तुझं होतं असं म्हणायला कुठेही एक ओळ नाही. हे भांडण आपलं संपलेलं नाही आणि मी हरलेले नाही. पण परवा त्या खड्ड्यांजवळ उभी राहिले तेव्हा जिंकल्यासारखंही वाटलं नाही.

बाकीच्या अकरांसाठी मात्र तू लगेच तयार झालास. प्रत्येक दाव्याला दोन पुरावे लागतात. एक, जागेवर जाऊन पाहणी, बांध आहे का, खळं आहे का. दुसरा, जाणत्या म्हाताऱ्याचा जबाब. तो म्हातारा दावेदार नसलेला हवा. अकरा दावेदारांनी एकमेकांसाठी साक्ष दिली तर ती कोण मानणार? पाड्यात म्हातारे किती, मोजले तर तीन. आपल्याकडे माणूस म्हातारा होईपर्यंत टिकत नाही. त्या तिघांतल्या एकाला अर्धांगाने बोलता येत नाही. हिरूआजीला कोणी विचारलंच नाही. राहिलास तू.

"पोरांना पायजे तर सांगीन," तू म्हणालास. "पन बसून नाय. चालत."

दोन दिवस आपण चाललो. तू पुढे काठी टेकत, मी मागे वही घेऊन. वाकड्या आंब्यापासून सुरुवात. तू उभा राहायचास, काठी रोवायचास, आणि सांगायचास. हितं माज्या बापानं नांगर धरला, पायलेलं. हितं आज्यानं झाडोरा तोडून माळ केला, आयकलेलं. हितं नवशाच्या बापाला इंचू चावला, बोंबलत खाली गेला, पायलेलं, मीच उचलला. हा बांध पूर आला तवा फुटला, परत घातला, दगड माज्या डोक्यावरून आलेत. ओहोळ ओलांडून पलीकडे गेलो, वाघोबाच्या दगडाच्याही पुढे, जिथे आमचा तुकडा आहे आणि अजून दोन घरांचे. तिथे बांध कधीचे वाहून गेलेत, डोळ्यांना दिसेल असं जुनं काही उरलेलं नाही. तिथे तू सगळ्यांत जास्त वेळ बोललास. कुठे कोणतं झाड होतं आणि ते कुणी कोणत्या अडचणीत विकलं, सगळं. मी लिहीत होते आणि मनात म्हणत होते, हे फार होतंय, ह्यातलं कामाचं किती?

आता माझं सांगते.

उल्हासनगर कॅम्प दोनला, मी ज्या वकिलांकडे काम करते त्यांच्या ऑफिसच्या खाली, टायपिंगचं दुकान आहे. दुकानवाल्या सिंधी काकांना सगळे साईं म्हणतात. माणूस चांगला आहे, माझी फी भरायच्या वेळी त्यांनी माझे सगळे कागद फुकट काढून दिले होते. त्यांनी वही उलटून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"ये क्या है बेटी? 'इंचू चावला'? साब पढेगा तो हसेगा. कागज वजनदार मंगता. 'सदर' डालो, 'समक्ष' डालो."

साईंना दोष देणार नाही. त्यांनी बोलायच्या आधीच मी ठरवलं होतं. तुझे शब्द साहेबांच्या टेबलावर गेले तर मागच्या बाकावरचं हसू पुन्हा ऐकू येईल असं मला वाटलं. मी ते शब्द माझ्या तोंडातून मेहनतीने काढले होते, तुझ्याही तोंडातून काढले. उभ्या उभ्या सांगितलं आणि साईंनी टाइप केलं: "सदर क्षेत्रावर उपरोक्त दावेदारांचे पूर्वज तीन पिढ्यांपासून पूर्वापार वहिवाट करीत आले असून, ही बाब मी समक्ष पाहिलेली आहे." एक पान. अकरा जणांसाठी तेच पान, फक्त नाव बदललेलं. वही मी तिथेच टाकली. साईंनी पानं सोडवून कोऱ्या बाजूवर दुसऱ्या कुणाचे नमुने छापले. वाया कशाला घालवायची.

पाड्यावर आणून तुला वाचून दाखवलं. भरभर वाचलं. तू विचारलंस, "आपलंच हाय ना?"

मी म्हटलं, हो.

तू अंगठा दिलास. अकरा वेळा.

सुनावणी उल्हासनगरला प्रांत कचेरीत होती. आपण लवकर पोचलो म्हणून बाहेर दाल-पकवान खाल्लं. तू म्हणालास, "ह्यो पापड हाय का पुरी, ह्याला सोताला ठावं नाय." तू धुतलेला सदरा घातला होतास, त्याचं वरचं बटण नव्हतं, मी माझ्या ओढणीची पिन लावली. खूश होतास. पहिल्यांदा कोणीतरी तुला हद्दीच्या आत बोलावलं होतं.

साहेब तरुण होते. त्यांनी तुला खुर्ची दिली, पाणी दिलं, अहो-जाहो केलं. त्यांनी जबाब मोठ्याने वाचला, मग हळू पुन्हा वाचला.

"बाबा, ह्यात लिहिलंय की तीन पिढ्यांची वहिवाट तुम्ही समक्ष पाहिली. म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी. आजोबांना शेती करताना पाहिलंत तुम्ही?"

तू अजिबात थांबला नाहीस. "ना साहेब. आजा मी पायला नाय. मी व्हायच्या आदी मेला तो."

"मग हे तुम्ही सांगितलेलं नाही?"

"ना. हे माजं नाय."

"कुणी लिहिलं मग?"

त्या खोलीत पंखा चालू होता, दोन कारकून होते, दारात बा आणि पाड्यातली चार माणसं उभी होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, साहेब, शब्द माझे आहेत, चूक माझी आहे, ह्यांना आत्ता विचारा, हे तोंडी सगळं सांगतील. तू तिथेच सांगितलं असतंस, एकेका दगडासकट. साहेब ऐकणारे होते, ते आज मला कळतंय. पण मी काळा कोट घालून उभी होते, आणि पाड्यातली माणसं बघत होती.

मी म्हटलं, "साहेब, वयामुळे त्यांना हल्ली विसरायला होतं."

तू माझ्याकडे वळून पाहिलंस. रागाने नाही पाहिलंस. एखादं ओळखीचं झाड जागेवर नसलं की तू जसा पाहायचास तसं पाहिलंस. मग खाली बघितलंस.

साहेबांनी लिहिलं: साक्षीदार वृद्ध असून स्मरणशक्ती विश्वासार्ह नाही. अकराही दावे फेरतपासणीसाठी सभेकडे परत.

ते वाक्य माझं आहे, काका. सही साहेबांची, वाक्य माझं.

परत येताना बदलापूरहून आपण टमटममध्ये मागे शेजारी बसलो. बा पुढे होता. अर्ध्या रस्त्यात तू विचारलंस, "समक्ष म्हंजे काय गो?"

"डोळ्यांनी पाहिलेलं."

"मग तसं लिवायचं ना," तू म्हणालास. एवढंच. पुढे वळणावर तुझ्या सदऱ्याची पिन काढून माझ्या हातात दिलीस.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर माणसं जमली. दावे परत का आले, सगळ्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू उभा राहिलास. "माजंच चुकलं. मी बोलाया चुकलो, याद नाय ऱ्हायली." ज्याने चाळीस वर्षं कुणाला एक आयकलेलं पायलेलं म्हणून खपवू दिलं नाही, तो पाड्यासमोर खोटं बोलला, आणि मी ते बोलू दिलं. नवशा म्हणाला, "म्हातारा खपला आता." हसले काही जण. बासुद्धा हसला. तू पण हसलास.

त्यानंतर पोरं तुला रस्त्यात विचारायची, काका, आज वार कुठला? मुद्दाम. हिरूआजीने मला हे आत्ता सांगितलं.

तू बाच्याकडून निरोप पाठवलास: पोरीला सांग, कागद घेऊन ये, ह्या टायमाला हळू सांगतो. "हळू सांगतो" म्हणालास, जणू माझ्या लिहिण्यात कमी तुझ्या वेगामुळे पडली. बाने हा निरोप तीनदा दिला. तीन रविवार. मला तुझ्यासमोर वही उघडून बसायची हिंमत नव्हती. मी स्वतःला सांगत होते, घाई काय, काका कुठे जातोय.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी साईंच्या दुकानात उभी होते. साईं म्हणाले, बैठ बेटी, पानी पी. मी विचारलं, ती माझी वही... म्हणाले, कौनसी वही?

आज सकाळी सभा झाली. फेरतपासणीचं उत्तर द्यायची मुदत संपत आलीय. माणसं माझ्याकडे बघत होती, वकील काहीतरी काढेल म्हणून. मी उभी राहिले आणि सांगितलं. काका विसरला नव्हता. कागदावर लिहिलेलं खोटं होतं, ते मी लिहिलं होतं. साहेबांसमोर मी त्याला विसरभोळा ठरवलं. तुमच्यासमोर तो माझ्यासाठी खोटं बोलला. हेच सगळं मी प्रतिज्ञापत्रावर लिहून सही केली आहे, उद्या दाखल करणार. त्याने माझ्या वकिलीचं काय व्हायचं ते होईल.

मग मागून नवशा म्हणाला, "शिकली आनी घात केला."

"गप रं," हिरूआजी म्हणाली. "तुज्या घरात कोन शिकलंय? आनी वार इचारायला कोन जात व्हतं?"

मी बाच्याकडे पाहिलं. तो ओट्याच्या कडेला बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. त्याने वर पाहिलं नाही. तुझ्यावर तोही हसला होता.

मग हिरूआजी म्हणाली, "मी सांगू का?"

काका, तुझ्या पद्धतीतही एक खोट होती, आता तू नाहीस तरी सांगते. देवीच्या दगडापुढे तू कधी एका बाईला उभं केलं नाहीस. पाहिलेलं तेवढंच खरं मानायचास, आणि निम्म्या पाड्याने काय पाहिलं ते विचारलं नाहीस. मीही विचारलं नाही. बाई असून. शिकून. हिरूआजी बावीस पावसाळे ह्या उतारावर भाकऱ्या घेऊन रोज चढली. तिच्या घराचा दावाही नाही. तिचा पोरगा अंबरनाथला कारखान्यात आहे, तिकडेच खोली घेऊन राहतो.

मी कागद घेतला. ती म्हणाली, पायलेलं सांगते. आणि सुरू झाली. वाकड्या आंब्याखाली कोण जेवायचं, कोणाला भाकरी कमी पडायची म्हणून कोण कोणाच्या शेताच्या कडेला येऊन बसायचं, त्यावरून ती शेतं कुणाची ते. कुठल्या बांधावर तिची पहिली पोर पाळण्यात ठेवलेली असायची आणि त्या बांधाचा मालक कसा कुरकुरायचा. एकेक तुकडा, एकेक घर. "हितं वरी व्हायची, तितं नाचनी. हितं कायबी होत नसे, पन तो येडा लावायचाच." मी एकही शब्द बदलला नाही. "येडा" लिहिला. आठ घरं झाली. माणसं पुढे सरकून बसली. नवशा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हां, हां, बराबर."

ओहोळाशी येऊन ती थांबली.

"फुडं?" मी विचारलं.

"फुडं वाघोबा. तवा बाया ओहोल वलांडत नसत. भाकर ह्या काठाला ठेवायची, गडी येऊन न्यायचे."

"पलीकडे शेती होती ना आजी?"

"आसंल. गडी तिकडूनच यायचे, पाय चिखलानी भरलेले. पन मी पायलं नाय. तिकडचं चिंधूला ठावं व्हतं."

पलीकडे तीन घरं. त्यातलं एक आमचं.

कोणीतरी म्हणालं, आजी, इतकं बोललीस, अजून दोन वाक्यं बोल ना, शेती व्हती म्हन, व्हतीच की! दुसरा म्हणाला, खोटं कुठंय त्यात? खोटं नव्हतंच, काका. तू मला तिथे उभं करून दाखवलं होतंस. पेन माझ्या हातात होतं, हिरूआजीला वाचता येत नाही, आणि तिचा अंगठा मी म्हणेन तिथे उमटला असता. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "तू शिकलेली. लिव तुना काय लिवायचं ते."

मी बाच्याकडे पाहिलं. आमच्याकडे दुसरी जमीन नाही. तुला माहीत आहे, प्लांटवरचं कंत्राट संपल्यापासून तो पावसाळाभर तिथेच असतो.

बाने पायाचा अंगठा मातीतून काढला. घसा साफ केला.

"तिनं पायलंय तितकंच लिव," तो म्हणाला.

मी तितकंच लिहिलं, काका. पलीकडच्या तीन घरांपुढे कागद कोरा राहिला.